तुमचे पंतप्रधान

जुलैमध्ये बागेत टोमॅटोला पाणी घालत होते. कुंपणापलीकडून शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "तुमचे पंतप्रधान आलेत ना? टीव्हीवर पाहिलं, छान चहा पीत होते." ऑक्टोबरमध्ये पार्ल्याहून आईचा फोन आला, "अगं, तुमचे पंतप्रधान आलेत मुंबईत. बीकेसीकडचे रस्ते बंद आहेत म्हणे. माझी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गेली ना पुढे!" दोघींच्याही बोलण्यात खोच नव्हती. सोळा वर्षं इथे काढून आणि मधे कधीतरी ब्रिटिश पासपोर्ट घेऊन मी अशा जागी पोचले आहे की जे कोणी पंतप्रधान प्रवासाला निघतात, ते समोरच्याच्या मते माझेच असतात.

दोन्ही माझे आहेत, तर ते भेटल्यावर एकमेकांशी बोलतात काय ते तरी नीट वाचावं, असं ठरवलं. दोन्ही सरकारांच्या संकेतस्थळांवर ही संयुक्त निवेदनं सहज मिळतात. दिवाळीनंतरच्या संध्याकाळी, बाहेर साडेचारलाच अंधार पडत असताना, मी ती एकामागून एक वाचून काढली. कादंबरी वाचतो तशी, पेन्सिल हातात घेऊन. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा परिणाम. परराष्ट्र धोरणातलं मला विशेष कळत नाही, पण मजकूर वाचायची सवय आहे.

या मजकुराला स्वतःचं व्याकरण आहे. कर्ता ठरलेला: दोन्ही पंतप्रधान. क्रियापदं ठरलेली: स्वागत केलं, समाधान व्यक्त केलं, महत्त्व अधोरेखित केलं, पुनरुच्चार केला, सहमती दर्शवली. आपल्या लग्नपत्रिकेसारखं आहे हे. वरचा मजकूर सगळ्यांचा सारखाच, म्हणून सराईत माणूस तो वाचतच नाही. तो थेट खाली जाऊन मुहूर्त आणि स्थळ बघतो. मीही तेच करायला लागले. ज्या वाक्यात तारीख, रक्कम किंवा संख्या आहे त्याखाली रेघ ओढायची. दहा पानांत सात-आठ रेघा निघाल्या तर निवेदन चांगलं म्हणायचं.

या भेटी नियमित व्हाव्यात ही कल्पना नवी नाही. सप्टेंबर २००४मध्ये मनमोहन सिंग लंडनला आले, तेव्हा त्यांनी आणि टोनी ब्लेअर यांनी संयुक्त घोषणापत्र काढलं आणि दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी दरवर्षी भेटायचं ठरलं. पुढे काय झालं? ब्लेअर २००५मध्ये भारतात गेले, सिंग २००६मध्ये इथे आले, गॉर्डन ब्राउन जानेवारी २००८मध्ये दिल्लीत. डेव्हिड कॅमेरन तीनदा गेले, त्यांपैकी दोनदा २०१३ या एकाच वर्षी. नोव्हेंबर २०१५मध्ये मोदी आले, वेम्बली स्टेडियम भरलं. नोव्हेंबर २०१६मध्ये थेरेसा मे दिल्लीत. एप्रिल २०१८मध्ये मोदी पुन्हा लंडनला. त्यानंतर एकमेकांच्या देशात जाऊन खास भेट व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं, बोरिस जॉन्सन अहमदाबादला उतरले तेव्हा. मधे कोविड होता हे खरं. तरी त्यानंतरची तशी भेट थेट जुलै २०२५ची. जी-२० किंवा हवामान परिषदेच्या कडेला झालेल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या भेटी धरल्या तर यादी लांबते. पण 'दरवर्षी' हा शब्द २००४च्या कागदावरच राहिला.

तुलनेसाठी फ्रान्स आणि जर्मनी घ्या. २२ जानेवारी १९६३ला द गॉल आणि आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये एलिझे करारावर सह्या केल्या. दोन देशांच्या नेत्यांनी वर्षातून किमान दोनदा आणि परराष्ट्रमंत्र्यांनी दर तीन महिन्यांनी भेटायचं, हे त्या करारातच लिहिलेलं होतं. सद्भावनेवर सोडलेलं नव्हतं. नेत्यांचं पटो न पटो, तारीख आली की भेटायचं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी दोघांनी मिळून तरुणांसाठी एक कार्यालय काढलं आणि शाळेतली मुलं, शिकाऊ कामगार, खेळाडू असे लाखो जण या देशातून त्या देशात राहून आले. म्हणजे वरच्या भेटीला खाली पाय फुटले. लढाई संपून तेव्हा अठरा वर्षंच झाली होती. आपल्या दोन देशांचा हिशेब वेगळा आहे, राज्य करणारा आणि राज्य सोसणारा यांचा. पण वेळापत्रकाची शिस्त उचलायला काही हरकत नव्हती. भारताने ती रशियाबरोबर आणि जपानबरोबर बऱ्यापैकी पाळलीही आहे.

नियमित भेटींचा उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. व्यापार कराराचंच उदाहरण घ्या. वाटाघाटी जानेवारी २०२२मध्ये सुरू झाल्या. जॉन्सन यांनी दिवाळीपर्यंत पूर्ण करू असं जाहीर केलं. दिवाळी आली तेव्हा ते पंतप्रधानच नव्हते, आणि त्यांच्यानंतरच्या लिझ ट्रस यांनाही दिव्यांचा सण गाठता आला नाही. नंतर सुनक, नंतर स्टार्मर. चार पंतप्रधान झाले, तरी वाटाघाटी मेल्या नाहीत, आणि ६ मे २०२५ला करार ठरला. मार्च २०२३मध्ये लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयावरचा तिरंगा खाली ओढला गेला, तेव्हा संबंध किती ताणले गेले हे इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. तेव्हाही बोलणी पूर्ण तुटली नाहीत. साहेब भेटणार म्हटलं की दोन्हीकडच्या कचेऱ्यांत दिवे उशिरापर्यंत जळतात. ज्याने कुठल्याही ऑफिसात नोकरी केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२४मध्ये रिओत मोदी-स्टार्मर भेट झाली, तिथे बेलफास्ट आणि मँचेस्टरला भारताचे वाणिज्य दूतावास काढायचं जाहीर झालं, आणि मार्च २०२५मध्ये दोन्हींचं उद्घाटन झालंसुद्धा. मँचेस्टरकडच्या माणसाला ओसीआयच्या कागदासाठी बर्मिंगहॅम गाठायला किती सुट्ट्या घालवाव्या लागत, हे त्यालाच विचारा. या ओळीखाली मी दोन रेघा ओढल्या.

तेव्हा माझी तक्रार भेटींबद्दल नाही. त्या भेटींत माणूस कोणाला म्हणतात, याबद्दल आहे.

एप्रिल २०१८च्या निवेदनात एक शब्दप्रयोग आहे, जो त्यानंतर दोन्हीकडच्या भाषणांत सतत येत राहिला: 'जिवंत सेतू'. तो सेतू म्हणजे आपण. २०२१च्या जनगणनेप्रमाणे नुसत्या इंग्लंड-वेल्समध्ये भारतीय वंशाचे १८ लाखांहून अधिक लोक आहेत. ऐकायला बरं वाटतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं. पण पेन्सिल घेऊन वाचताना लक्षात येतं की सेतूबद्दलच्या परिच्छेदात कधी तारीख नसते, रक्कम नसते. आपलं कौतुक असतं, योगदानाचा उल्लेख असतो, क्रिकेट, सिनेमा आणि जेवण असतं. आणि पूल म्हटलं की त्याच्यावरून दुसरे जातात. पुलाला कुठे जायचं आहे का, असं कोणी विचारत नाही.

त्या निवेदनांत माणसांविषयी ठोस आकडे असलेल्या जागाही आहेत, त्या शोधल्या. मे २०२१च्या दूरदृश्य बैठकीच्या दिवशी स्थलांतरविषयक करार झाला आणि त्यातून तरुण व्यावसायिकांची योजना आली: वर्षाला ३,००० जागा, वय १८ ते ३०, पदवी हवी, मुक्काम दोन वर्षं. ही योजना चांगली आहे, माझ्या ओळखीची दोन मुलं तिच्यावर आली आणि दोघांचं बरं चाललं आहे. दुसरी जागा व्यापार कराराबरोबर ठरलेल्या सामाजिक सुरक्षेच्या कराराची. हिंजवडीच्या कंपनीने एखाद्याला काही काळासाठी इथे पाठवलं तर त्याच्या पगारातून दोन्ही देशांत वर्गणी कापली जायची, आणि इथे कापलेल्याचा त्याला पुढे काही लाभ नसायचा. आता ती एकाच देशात भरायची. करार जाहीर झाला तेव्हा सांगितलेली मुदत तीन वर्षांची होती. इथल्या विरोधी पक्षाने त्यावर गदारोळ केला, भारतीय कामगारांना सवलत आणि ब्रिटिशांवर बोजा म्हणून. तो गदारोळ अन्यायाचा होता. असे करार ब्रिटनचे इतर अनेक देशांशी आधीपासून आहेत.

दोन्ही जागी जो माणूस दिसतो तो नीट बघा. तो तिशीच्या आतबाहेरचा आहे. शिकलेला आहे. दोन-तीन वर्षांत परत जाणारा आहे. त्याला गुडघेदुखी नाही, त्याला म्हातारे आईवडील नाहीत, तो कधी निवृत्त होत नाही. दोन्ही सरकारांचं या माणसावर प्रेम आहे. भारत सरकारला तो पाठवायचा आहे, ब्रिटनला तो मोजून-मापून घ्यायचा आहे. घासाघीस फक्त संख्येवर चालते.

आपण इथे येतो तेव्हा तसेच असतो, हे कबूल. मग वय होतं.

आमच्या ओळखीतल्या एक मावशी आहेत. सत्तरच्या दशकात लग्न होऊन आल्या, बत्तीस वर्षं इथल्या रुग्णालयांत नर्स म्हणून राबल्या. यजमान गेल्यावर त्यांना पुण्याला बहिणीजवळ जाऊन राहायचं होतं. सगळी चौकशी झाली, कोथरूडला जागाही बघितली, आणि मग पेन्शनचा नियम कळला. ब्रिटनचं सरकारी पेन्शन भारतात मिळतं, पण तिथे राहायला गेल्यावर ते गोठतं. पहिल्या दिवशी जी रक्कम, तीच शेवटपर्यंत. २०१६मध्ये नवं पेन्शन सुरू झालं तेव्हा पूर्ण रक्कम आठवड्याला १५५.६५ पौंड होती. २०२५-२६मध्ये ती २३०.२५ पौंड आहे. त्या पहिल्या वर्षी निवृत्त होऊन भारतात गेलेल्या माणसाला आजही १५५.६५च मिळतात. वर्गणी तितकीच भरलेली, वर्षं तितकीच. तोच माणूस अमेरिकेत, जमैकात किंवा फिलिपिन्समध्ये जाऊन राहिला असता तर वाढ मिळाली असती, कारण त्या देशांशी तसे करार आहेत. भारताशी नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांच्याशीही नाही, म्हणजे हा काही खास आपल्यावरचा राग नव्हे. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका पेन्शनर बाईंनी हा प्रश्न युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेला होता. २०१०मध्ये त्या हरल्या. न्यायालयाच्या मते हा दोन सरकारांनी आपसांत करार करून सोडवायचा विषय होता.

म्हणजे नेमका दोन पंतप्रधानांच्या टेबलावरचा विषय! आणि २०२५मध्ये ते दोघे त्या टेबलावर बसले, सामाजिक सुरक्षेवरच बोलले, आणि ज्याने इथे तीन वर्षं काढायची त्याची सोय केली. बत्तीस वर्षं काढलेल्या मावशींचं नाव निघालं नाही. ब्रिटनची बाजू समजते. पैसे वाचतात, आणि पक्ष कुठलाही असला तरी सरकारं याच भूमिकेला चिकटून आहेत. पण भारताने मागितल्याचंही कुठल्या निवेदनात दिसत नाही. मावशींनी शेवटी जागेचा विचार सोडला. थंडीत चार महिने पुण्याला जातात, मार्चमध्ये परत येतात, लेस्टरच्या घराचं हीटिंग चालू करतात.

हे झालं इथून जाणाऱ्याचं. तिथून येणाऱ्याचं त्याहून कठीण आहे, आणि इथे मी तटस्थ नाही हे आधीच सांगते, कारण माझी आई पार्ल्यात एकटी राहते आणि एकोणऐंशीची आहे.

९ जुलै २०१२पासून म्हाताऱ्या आईवडिलांना इथे कायमचं आणण्याचा नियम असा आहे. वय, आजार किंवा अपंगत्व यामुळे त्यांना रोजच्या कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागली पाहिजे. शिवाय ती मदत ते राहतात त्या देशात, इथल्या मुलाने पैसे आणि व्यवस्था पुरवूनही, मिळत नसली पाहिजे. अर्ज त्यांनी तिथूनच करायचा. आता यातली मेख बघा. आईला इथे सरकारी मदतीशिवाय सांभाळायचं तर माझ्याकडे पैसे हवेत. माझ्याकडे पैसे असतील तर मुंबईत चोवीस तासांची बाई ठेवता येते, म्हणजे मदत मिळते, म्हणजे अर्ज नामंजूर. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. मुंबईत बाई मिळते, हे गृहखातं बरोबरच सांगतं. आईला रात्री स्वप्न पडून जाग आली तर ती त्या बाईशी काय बोलणार, हा प्रश्न अर्जात नाही.

इथल्या भारतीय डॉक्टरांच्या संघटनांनी या नियमाविरुद्ध अनेकदा आवाज उठवला, कारण बरेच डॉक्टर याच कारणाने नोकरी सोडून परत जातात किंवा दुसरा देश धरतात. कॅनडात आईवडिलांसाठीच्या खास व्हिसावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. इथे पाहुण्यासारखं यायचं, सहा महिने. प्रकरण इथल्या न्यायालयातही गेलं आणि २०१७मध्ये नियम कायम राहिला. २०१२पासून किती शिखर बैठका झाल्या ते वर दिलंच आहे. त्यांच्या निवेदनांत 'आईवडील' हा शब्द मला एकदाही सापडला नाही.

कोणी म्हणेल, व्हिसा हा अंतर्गत विषय आहे, तो अशा बैठकीत कसा येणार? आलेला आहे. २०१६मध्ये थेरेसा मे दिल्लीत होत्या तेव्हा तोच विषय गाजला. भारताला विद्यार्थ्यांचे व्हिसा हवे होते, आणि त्यांचं म्हणणं होतं की इथे बेकायदा राहिलेल्या भारतीयांना तुम्ही लवकर परत घ्या, मग बघू. म्हणजे विषय येतो, पण घासाघिशीचा माल म्हणून. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईला निघालेल्या स्टार्मर यांनी पत्रकारांना वाटेतच सांगून टाकलं की व्हिसा या दौऱ्याचा भाग नाही. सव्वाशे जणांचं शिष्टमंडळ होतं, उद्योगपती होते, कुलगुरू होते. यशराजच्या स्टुडिओत जाऊन आले, आणि २०२६पासून यशराजचे तीन सिनेमे ब्रिटनमध्ये चित्रित होणार असं जाहीर झालं. ब्रिस्टल, यॉर्क, ॲबरडीन या विद्यापीठांची मुंबईत शाखा काढायची तयारी आधीपासूनच चालू आहे. यातून काय सुचवलं जातंय ते कळायला फार हुशारी लागत नाही: शिका आमच्याकडचं, पण तिथेच. तसं बघितलं तर ते वाईटही नाही. अंधेरीतल्या मुलीला कर्ज काढून इथे यावं लागणार नाही. फक्त त्याला माणसामाणसांतले संबंध म्हणू नये.

तारखांचा एक योगायोग मांडते. ६ मे २०२५ला व्यापार करार ठरल्याची घोषणा झाली, दोन्हीकडे आनंद. १२ मेला, बरोबर सहा दिवसांनी, इथल्या सरकारने स्थलांतरावरची श्वेतपत्रिका काढली. कायमच्या वास्तव्याची मुदत साधारणपणे पाच वर्षांऐवजी दहा करण्याचा प्रस्ताव तिच्यात आहे. त्याच दिवशीच्या भाषणात पंतप्रधान म्हणाले की आपण अनोळखी लोकांचं बेट बनण्याचा धोका आहे. पुढे त्यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला, हेही नोंदवायला हवं. मग २२ जुलैला कुशल कामगारांच्या व्हिसाचे नियम कडक झाले, पगाराची अट ४१,७०० पौंडांवर गेली, परदेशातून केअर वर्कर आणणं बंद झालं. २४ जुलैला चेकर्समध्ये कराराची सही. मंगळवारी एका टेबलावर जे झालं त्याचा गुरुवारच्या टेबलावर उल्लेख नाही. त्याच दिवशी 'व्हिजन २०३५' जाहीर झालं. त्यात पंतप्रधानांच्या नियमित भेटी आहेत आणि परराष्ट्रमंत्र्यांनी दरवर्षी आढावा घ्यायचा आहे. स्कॉचवरचं आयातशुल्क १५०वरून ७५ आणि दहा वर्षांनी ४० टक्के हे त्याच दिवशीच्या करारात अगदी रेखीव लिहिलेलं आहे. व्हिस्की किती वर्षांनी किती स्वस्त होणार ते ठरलं आहे. मावशींचं पेन्शन कितीवर गोठणार तेही ठरलेलंच आहे म्हणा.

वरच्या टेबलावर फीत कापली म्हणून खालचं काम होतंच असंही नाही. आपल्याला जवळचं उदाहरण किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घराचं. डॉ. आंबेडकर १९२१-२२मध्ये तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये ते तीस लाख पौंडांहून जास्त देऊन विकत घेतलं, आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मोदींनी, वेम्बलीच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी, तिथे स्मारकाचं उद्घाटन केलं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डन कौन्सिलची परवानगी लागते. ती घेतलेली नव्हती. शेजारपाजारच्यांनी गर्दी आणि आवाजाची तक्रार केली, २०१८मध्ये कौन्सिलने परवानगी नाकारली, २०१९मध्ये जाहीर सुनावणी झाली, आणि मार्च २०२०मध्ये मंत्र्यांच्या निर्णयाने स्मारक वाचलं. दोन सरकारांच्या मैत्रीची एवढी मोठी खूण, आणि ती लटकली होती आपल्याकडे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लटकावी तशी. मला यात कौन्सिलचा राग येत नाही. परवानगी आधी घ्यायला हवी होती. उलट सुनावणीत दोन्ही बाजूंनी उभं राहून आपलं म्हणणं मांडता आलं, लोकांनी पत्रं लिहिली, ती नोंदली गेली, आणि त्याचा निकाल लागला. शिखर बैठकीत माझं पत्र कुठे नोंदलं जाणार?

महाराजांच्या वाघनखांचंही तसंच. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती जुलै २०२४मध्ये साताऱ्याला गेली, तीन वर्षांसाठी उसनी. ती महाराजांचीच का, याबद्दल खुद्द संग्रहालय खात्री देत नाही आणि इतिहासकारांत वाद आहे, तो इथे नको. ते काम झालं राज्याचा एक मंत्री आणि एक संग्रहालय यांच्यातल्या कागदावर, ज्यात वस्तू, मुदत आणि परत करण्याची अट लिहिलेली होती. छोटं टेबल, स्पष्ट कागद.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण सगळा दोष सरकारांच्या पदरात टाकणं सोयीचं आहे. २०१५मध्ये वेम्बलीला साठ हजारांच्या आसपास लोक जमले होते. मीही होते. लेझीमवाल्यांच्या मागे उभी राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. पाहुणे आले की आपली मंडळं ढोल-ताशे, नऊवारी, फेटे यांची व्यवस्था उत्तम करतात. मात्र त्यांच्या हातात एक पानाचं निवेदन द्यावं, त्यात पेन्शन आणि आईवडिलांचा व्हिसा हे दोनच विषय असावेत, असं आमच्या मंडळाच्या बैठकीत मी सुचवलं तेव्हा सगळे गप्प झाले. एक ज्येष्ठ काका प्रेमाने म्हणाले, "बाळ, आनंदाचा प्रसंग आहे, आपण रडगाणं कशाला गायचं?" त्यांचं स्वतःचं पेन्शन चालू आहे, आणि निवृत्तीनंतर नाशिकला जायचं त्यांनीही सोडून दिलेलं आहे.

१८९७मध्ये गोपाळ कृष्ण गोखले याच शहरात आले होते, वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला. वय तिशीचं. हिंदुस्थानच्या तिजोरीतून कशावर किती खर्च होतो, याचे आकडे पाठ करून आले होते, आणि आयोगातल्या साहेबांनी उलटतपासणी घेतली तेव्हा त्याच आकड्यांवर उभे राहिले. तेव्हा आपण गुलाम होतो आणि आकडे मांडायला बिचकत नव्हतो. आता नागरिक आहोत, मत देतो, कर भरतो, आणि फेटे बांधतो. हे जरा चढं झालं असेल, पण राहू दे.

माझी मागणी फार मोठी नाही. परराष्ट्रमंत्र्यांचा तो वार्षिक आढावा व्हायचाच आहे. त्यात कुटुंबांवर एक स्वतंत्र परिच्छेद असावा, तारीख आणि आकड्यासकट. भारतात गोठलेलं पेन्शन किती जणांचं, ते सोडवायला खर्च किती. आईवडिलांचे अर्ज किती आले, किती मंजूर झाले. नामंजूर का, तेही एका ओळीत. पटलं नाही तर 'सहमती झाली नाही' असं लिहा. पेन्सिलीने रेघ ओढायला तेवढं पुरेल.

नोव्हेंबरमध्ये मी आमच्या खासदारांना हेच दोन प्रश्न लिहून पाठवले. पाच आठवड्यांनी त्यांच्या कचेरीतून उत्तर आलं, दोन परिच्छेदांचं. पहिल्यात भारतीय समाज हा दोन देशांमधला जिवंत सेतू असल्याबद्दल मनापासून आभार. दुसऱ्यात, पेन्शन आणि कौटुंबिक व्हिसा हे विषय संबंधित खात्यांचे असून व्यापार कराराच्या कक्षेत येत नाहीत.

आईचा पाहुण्यांचा व्हिसा झाला आहे. ती एप्रिलमध्ये येईल आणि ऑक्टोबरच्या आधी परत जाईल. डोळ्यांच्या डॉक्टरांची नवी वेळ तिने त्याप्रमाणे घेतली आहे.